चार सेंटिमीटरचा यंत्रमानव



लातूरला आमच्या घरी नातू यंत्रमानवांच्या चिमुकल्या बाहुल्या जमवितो. ‘लेगो’ कंपनीने २०१० मध्ये सोळा बाहुल्यांची मालिका काढली. तीतला यंत्रमानव त्याच्यापाशी आहे. उंची चार सेंटिमीटर. “किंमत किती रे?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “आजोबा, आधी हात बघा. मूळचे आहेत का? छपाई घासली का? सांधे सैल झाले का? किंमत मागाहून.” शिवाय प्रत्येकीखाली चिठ्ठी : कोठून आली, केव्हा आली, काय बदलले.

आम्ही हसलो, पण रात्री झोप लागेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्यातून आम्ही आईची लाकडी ठकी काढली होती. ती कोणी घडविली, कोणत्या गावी, हे आईला ठाऊक होते. आम्ही विचारले नाही. आई गेली. ‘रोबो’ या शब्दाचीदेखील जन्मनोंद आहे : कारेल चापेक यांचे १९२० चे चेक नाटक. आमच्या ठकीची मात्र नाही.

लातूरहून तेर दूर नाही. तेथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या मातीच्या मूर्ती आयुष्यभर जमविल्या. त्या कोठल्या, हे ठाऊक राहिले. म्हणून आज तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळ बोलतो.

किंमत बाजार ठरवितो. मोल त्या चिठ्ठीत असते. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर, श्रोतेहो, आज रात्रीच एक चिठ्ठी लिहा. आम्हांला उशीर झाला. तुम्हांला होऊ नये.