निकालाआधी मुलांशी बोला

एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचा (अकरावी-बारावीचा) निकाल लागला आणि त्यात चुका निघाल्या. नापास मुलांच्या उत्तरपत्रिका सरकारने विनाशुल्क फेरतपासल्या. पण त्या दिवसांत वीसच्या आसपास मुलांनी आयुष्य संपवलं होतं.

हैदराबादकर आईवडिलांनो, मूल जेवत नाही, झोपत नाही, मित्रांना टाळतंय, असं दोन आठवडे चाललं तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. शेजारी बसा, ऐका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. वर्गशिक्षकांनीही पालकांना फक्त गुणांसाठी बोलावू नये.

मदत लागली तर एर्रागड्ड्याला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत. या हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं.