बेपर्वा की अवधानाची अडचण?



आजचा विषय मुलांचा नव्हे, कर्त्या माणसांचा आहे. बोईसरच्या कारखान्यात जाणारा एखादा हुशार तरुण घ्या. यंत्राचा बिघाड तो चुटकीसरशी हुडकतो. पण तोंडी सांगितलेल्या चार कामांतली दोन विसरतो. शिवाय पत्र्यांचा खणखणाट, ट्यूबलाइटची लुकलुक, सदऱ्याच्या कॉलरची टोचणारी शिवण ह्यांनी तो हैराण होतो. साहेब त्याला बेपर्वा म्हणतात, घरचे नाजूक म्हणतात. तिसरी नोकरी सुटली की तोही स्वतःला तेच म्हणू लागतो.

1902 साली लंडनच्या जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असून नैतिक संयम उणा, असे त्याचे म्हणणे. शास्त्र पुढे गेले. आपण मात्र अजून नीतीचीच फूटपट्टी लावतो! वस्तुतः ह्या माणसांना अवधान नसते असे नव्हे. ते हुकमी नसते, एवढेच. आवडत्या कामात तीच माणसे जेवणही विसरतात.

वय वाढले की हे ओसरते, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. अनेकांचे ओसरत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानग्रंथाने प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. मात्र काही लक्षणे बाराव्या वर्षाआधीची हवीत. आवाज-स्पर्शाची तीव्र संवेदना त्याने स्वमग्नतेच्या लक्षणांत घातली, आणि एकाच माणसात दोन्ही निदाने करण्यास प्रथमच मुभा दिली. तोवर एक निवडावे लागे.

तेव्हा प्रत्येक विसरभोळा रोगी समजायचा काय? मुळीच नाही. रात्रपाळीने मोडलेली झोप, थायरॉईड, काळजी ह्यांनीही चित्त उडते. ते आधी तपासून घ्यावे.

आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता त्यांत आहे, अध्ययन अक्षमता आहे. अवधानदोषाचे नाव नाही. म्हणून कामाच्या जागी सवलत मिळणे बहुधा वरिष्ठाच्या समजूतदारपणावर राहते. ती सवलत तरी केवढी? काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर द्यावे, बसायची जागा दारापासून दूर असावी. पैशाचा प्रश्न येतच नाही.

औषधे आहेत, गुणकारीही आहेत. पण ती मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत. त्याच्याकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके असतील तर न्यावीत, आणि जमल्यास आईलाही. सातव्या-आठव्या वर्षी आपण कसे होतो, हे बहुधा तिलाच आठवते.