मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय संस्था : गोमंतकाचा धडा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्यास मजसारख्या एका शाळामास्तराला बोलावले, याबद्दल मी आपला आभारी आहे. विषय मीच निवडला. खरे म्हणजे तो माझ्या वर्गातल्या एका मुलीने निवडला. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवीत होतो. १० डिसेंबर १९४८, पॅरिस, तीस कलमे, असे सर्व फळ्यावर लिहून झाले. मूळ मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचे शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ असे करविणाऱ्या आपल्या हंसाबेन मेहता होत, हेही मी अभिमानाने सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून ती मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, कागदाने गोळी अडते का?”

मी त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले. पण ते माझे मलाच पटले नाही. आज जरा सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आमचे मूळ घर सावंतवाडीजवळच्या बांद्याचे. वडील नोकरीनिमित्त इंदूरला आले आणि आम्ही इकडचे झालो. बांद्याच्या बाजारात माझ्या आजोबांचे चहाचे दुकान होते. तेथून गोव्याची हद्द अगदी जवळ. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींचे जथेच्या जथे त्या वाटेने गेले. आजोबा सांगत की, भर पावसातून आलेल्या एका तरुणाने चहा घेतला, आपली छत्री दुकानाच्या खुंटीला अडकवली आणि “परत येताना नेतो, चाचा” असे म्हणून तो पुढे गेला. ती छत्री न्यायला कोणी आले नाही. आजोबांनी ती कित्येक वर्षे तशीच ठेवली होती.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हाती शस्त्र नसलेल्या त्या लोकांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसाहून अधिक माणसे मरण पावली. आपल्या शेजारच्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्यांत होते. सागरच्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. म्हणजे हा प्रश्न केवळ कोकणचा नव्हता. माळव्याचे आणि बुंदेलखंडाचे रक्तही त्या मातीत मिसळले आहे. जाहीरनामा तेव्हा जवळजवळ सात वर्षांचा झाला होता. त्याने गोळी अडवली नाही. मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर, आणि ते प्रामाणिकपणे दिलेच पाहिजे.

पुढे काय झाले? या गोळीबारानंतर चारच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावरच फिर्याद लावली! आदल्या वर्षी दादरा व नगर हवेली हे दोन मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटले होते. तेथे जाण्यास भारत आम्हांला वाट देत नाही, ही तक्रार. आपल्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. खटल्यापुरते नेमलेले भारताचे न्यायाधीश होते मुंबईचे महंमदअली करीम छागला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. १९५४ साली खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरविले.

निकाल आपल्याला बराचसा अनुकूल लागला. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या खटल्यात दादऱ्याचा वारली शेतकरी कोठेच नव्हता. त्या न्यायालयात सरकारे उभी राहतात, माणसे नाही. माणसाचा हक्क हा तेथे दोन सरकारांच्या भांडणाच्या आडून आला तर येतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या दुबळेपणाचे हे मोठे कारण आहे. ज्याने जुलूम केला त्यालाच पुष्कळदा दरवाजाची किल्ली दिलेली असते.

तरीही त्या संस्थांनी एक काम केले. “आमच्या वसाहती नाहीतच, हे तर आमचे सागरपारचे प्रांत आहेत,” असे सालाझारचे सरकार म्हणत असे. १५ डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून अंगोला, मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचेही नाव घेतले, आणि हे स्वयंशासित नसलेले मुलूख आहेत, त्यांची माहिती पोर्तुगालने दिलीच पाहिजे, असे बजावले. या ठरावाने एकही कैदी सुटला नाही. मात्र जगाच्या दप्तरात खोट्याला खोटे म्हणून नोंदले गेले.

वर्षभराने भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. येथे मला एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे अशा ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. आणि तो अडला तो केवळ सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकाराने. त्या दिवशी आपल्याला नकाराधिकार गोड लागला. आज कोठे बालके मरत असतात आणि कोणी एक बडे राष्ट्र हात वर करून ठराव पाडते, तेव्हा तोच आपल्याला कडू लागतो. गोव्याची बाजू न्यायाची होती याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण न्याय आपल्या बाजूचा असला की संस्था चांगली आणि नसला की वाईट, असे दोन मापांचे दुकान चालवून आपण मुलांना मानवी हक्क शिकवू शकत नाही.

आता एका माणसाची गोष्ट. मोहन रानडे हे गोव्यात मराठीचे शिक्षक होते, माझ्याच धंद्यातले. पुढे ते सशस्त्र लढ्यात गेले, १९५५ साली पकडले गेले, आणि त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवले. गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षे खपले. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोपमहाराजांना भेटून त्यांच्यासाठी शब्द टाकला. आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले. एका मराठी मास्तरासाठी एक तमिळ पुढारी ख्रिस्ती धर्मगुरूंकडे जातो, हाही आंतरराष्ट्रीय हस्तक्षेपच नव्हे काय? याच सुमारास, १९६१ साली, लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी जगभरच्या विस्मृत कैद्यांसाठी पत्रे लिहिण्याची चळवळ सुरू केली. तीच पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल झाली. तिचे बळ सैन्यात नव्हते. ‘या माणसाची आम्हांला आठवण आहे’ एवढे तुरुंगाधिकाऱ्याला कळविण्यात होते.

अलीकडचा अनुभवही असाच आहे. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव सुरक्षा समितीने १९९३ साली ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. राष्ट्रसंघाचे शिपाई तेथे असतानाच जुलै १९९५ मध्ये गाव पडले, आणि आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुलगे ठार मारले गेले. ज्यांनी संस्थेच्या शब्दावर विसंबून आसरा घेतला, त्यांना शब्दाने वाचविले नाही. पुढे हेगच्या न्यायासनाने कारादझिच व म्लादिच यांना शिक्षा ठोठावल्या. पण त्याला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. उलट २०१९ साली गांबियासारखा चिमुकला आफ्रिकी देश, स्वतःचे काही नुकसान झालेले नसताना, रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध हेगला गेला, आणि न्यायालयाने त्याचा तो अधिकार मान्य केला. दादऱ्याच्या वेळी बंद असलेली खिडकी थोडी तरी उघडली. रोहिंग्या मात्र बहुसंख्येने अजून छावण्यांतच आहेत.

मग त्या मुलीला काय सांगायचे? कागद गोळी अडवीत नाही. मात्र गोळी झाडणाऱ्याला उद्या “असे घडलेच नाही” म्हणता येऊ नये, हे काम कागद करतो. आणि ज्या देशातली माणसे तो कागद हाती धरून दार ठोठावीत राहतात, तेथे तो कायदाही होतो. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ साली मान्य केला. त्याचाच आधार घेऊन १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. आज शाळाशाळांतून शिक्षिकांसाठी जी तक्रार समिती असते, तिचे मूळ तेथे आहे. आपल्या इंदुरातच हुकुमचंद मिलच्या कामगारांनी आपली देणी तीस वर्षांहून अधिक काळ मागत ठेवली आणि २०२३ च्या अखेरीस ती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. कित्येक मूळ कामगार तोवर हयात नव्हते. उशिराचा न्याय हा अर्धाच न्याय. पण कागद सोडून दिला असता तर तो अर्धाही मिळाला नसता.

म्हणून माझी या न्यासाला एक नम्र विनंती आहे. आपण पन्नास वर्षे विद्यार्थ्यांना साहाय्य दिले, रुग्णांना औषधे दिली. आता आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या कचेरीत अर्ज लिहून देण्याचे टेबल मांडावे. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करण्यास फी लागत नाही, ती मराठीतही करता येते. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. हे ज्याला ठाऊक नसते त्याचा हक्क वर्ष संपताच निसटून जातो. अर्जदाराची जात, धर्म वा पक्ष त्या टेबलावर विचारू नये. तेथे पहिल्या संध्याकाळी लेखणी घेऊन बसायला मी तयार आहे.

आजोबांच्या दुकानात छत्री ठेवून गेलेल्या त्या तरुणाचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. कोणी विचारून लिहून ठेवले नाही. ज्याचे नाव लिहिलेले नाही त्याच्यासाठी हेगलाही जाता येत नाही आणि भोपाळलाही. निदान आपल्या शहरात, आपल्या दारी आलेल्या माणसाचे नाव आणि गाऱ्हाणे लिहिल्यावाचून राहू नये, एवढे आपल्या हातचे आहे.