गाव घटनेत आले, आणि दारातच अडले



उन्हाची वेळ आहे, आम्ही फार लांबण लावणार नाही.

तालुक्याला गेले की साहेब ऐकवतात, 'घटनाकारांनी तुम्हाला पंचायत राज्य दिले, तुम्हालाच ते चालवता येत नाही.' घटनाकारांनी काय दिले, ते एकदा नीट पाहू.

१९४८ साली मसुदा तयार झाला तेव्हा ग्रामपंचायती उभाराव्यात असे कलमच त्यात नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी तो घटना समितीपुढे मांडला आणि उलट त्याचे समर्थन केले. खेडे हा अज्ञानाचा आणि जातीयतेचा अड्डा आहे, मसुद्याने खेडे सोडून व्यक्ती हा घटक धरला हे बरेच झाले, असा त्यांचा सूर होता. सभागृहात नाराजी झाली. शेतकऱ्यांचे पुढारी प्रा. रंगा, ह. वि. कामत यांनी ती बोलून दाखवली. २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती मान्य केली. तेच आजचे ४० वे कलम.

गावाच्या अभिमानापोटी बाबासाहेबांवर रुसणे सोपे आहे. पण ज्याचे घर गावकुसाबाहेर होते, ज्याला पाणवठा बंद होता, त्याच्या लेखी गावाच्या हाती सत्ता म्हणजे चावडीवरच्या चौघांच्या हाती सत्ता. ही शंका खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या बैठकीत पुढच्या सतरंजीवर कोण आणि दाराशी कोण, एवढे पाहिले तरी पुरे.

कलम आले, पण मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे कोर्टात दाद नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पण घटनेचा आधार मिळायला २४ एप्रिल १९९३ उजाडले. त्या ७३ व्या दुरुस्तीने बाबासाहेबांच्या शंकेला थोडेफार उत्तर दिले: दलित-आदिवासींना राखीव जागा, बायकांना एक तृतीयांश (२०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्या केल्या). पाच वर्षांच्या आत निवडणूकही बंधनकारक झाली. मात्र ग्रामसभेला अधिकार किती, ते विधानसभा ठरवणार. कुलूप गावाला, किल्ली मुंबईला!

आणि बंधन तरी किती पाळले? २०२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या.

तरी सगळा दोष मुंबईचा नाही. एका गावी आम्ही ग्रामसभेला गेलो, तर ओट्यावर नऊ माणसे. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तेवढ्याच नऊ जणांत ठराव झाले. नंतर वही घरोघर फिरली. म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले, कशावर ते कुणी विचारले नाही.

ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा गावांच्या ग्रामसभा बसल्या. बाराही गावांनी डोंगरावरच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. वनहक्क कायदा आणि सुप्रीम कोर्टाचा आदेश पाठीशी होता हे खरे, पण माणसे येऊन बसली नसती तर कोर्टाने काय केले असते?

गणपूर्ती पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी ती. येत्या ग्रामसभेला तेवढी माणसे न्या. त्याआधीची महिलांची सभा खरोखर भरली का, ते मायबहिणींनी पाहावे. वस्तीवरच्या माणसाला पुढे बसवा. आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय वहीवर सही करू नका.