अर्धवट राहिलेल्या गोधड्या

(हर्सूल येथील धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत, राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारीं, धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्राम मागें वळून पाहतें. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, भिंती कोणीं रचल्या आणि घंटा कोणीं आणविली, हें इतर वक्ते सांगतील. आज आम्हांस एका लहानशा वस्तूविषयीं बोलावयाचें आहे. ती तुमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आहे, पण पाहुण्यांस ती कोणी दाखवीत नाहीं. माळ्यावर, कणगीच्या मागें किंवा पत्र्याच्या पेटीच्या तळाशीं ती गुंडाळून ठेवलेली असते. ती वस्तु म्हणजे अर्धी शिवून राहिलेली गोधडी.

नाताळानंतर घरांस आशीर्वाद देत फिरतांना आम्हीं ठिकठिकाणीं सहज विचारलें, "ताई, एखादी गोधडी अर्धी राहिली आहे काय?" नाहीं असें उत्तर फार थोड्या घरीं मिळालें. एका माउलीनें पदर तोंडाशीं धरून सांगितलें, "फादर, लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठीं काढली होती. तो नातू आतां सायकलीवर शाळेंत जातो." दुसरी म्हणाली, "ती सासूबाईंची आहे. त्यांचा टांका बारीक, माझा जाड. मी हात लावला तर लोक हंसतील." तिसरी कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग हळूच म्हणाली, "आंत ह्यांचें धोतर आहे, फादर." आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.

पहिलीस वेळ नाहीं, दुसरीस धीर नाहीं, आणि तिसरीचें दुःख अजून ओलें आहे. या तिघींशींच आज आमचें बोलणें आहे.

प्रथम वेळेविषयीं. मृगाच्या पावसाबरोबर पेरणी येते, पेरणीमागून खुरपणी, आणि खुरपणी उरकते न उरकते तों बाजरी-मका कणसांत येतात. दिवाळीच्या सुमारास मक्याची सोंगणी व कापसाची पहिली वेचणी एकदमच अंगावर येते. मळणीचें यंत्र आलें, पण कापूस अजून बोटांनींच वेचावा लागतो. मग हरभरा, गहू, शाळू. आपल्या हर्सूलला तर शहर येऊन भिडलें आहे. कांहींजणी सकाळीं शहरांत कामास जातात व सुटीच्या दिवशीं गांवच्या शेतावर राबतात. त्यांच्या वांट्यास दोन्हींकडचें काम येतें.

गोधडीचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. शेतें उघडीं असतात, भर दुपारीं बाहेर काम होत नाहीं, धुतलेलें लुगडें तासाभरांत वाळतें. पण लग्नसराई त्याच दिवसांत, आणि पाण्यासाठीं वणवणही त्याच दिवसांत. मृगाचा पहिला शिंतोडा पडला कीं अर्धी गोधडी गुंडाळली जाते, सुई तशीच टोंचलेली. दमट हवेंत ती सुई गंजते. पुढें केव्हां तरी उलगडून पाहावें तों सुईच्या जागीं तांबडा डाग दिसतो. असे डाग आम्हीं अनेक घरीं पाहिले आहेत.

याला जो आळस म्हणेल तो शेतकऱ्याच्या घरीं आठ दिवसही राहिलेला नसावा. परंतु, भगिनींनो, एक गोष्ट कठोर असली तरी खरी आहे. शेतकऱ्याच्या घरीं रिकामा हंगाम कधींच येत नाहीं. सवडीची वाट पाहणाऱ्या बाईची गोधडी शेवटीं उंदरांच्या स्वाधीन होते.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभूनें दिला आहे. तसा हिशेब आम्हीं एका जाणत्या बाईच्या साह्यानें केला. गोधडी 5 हात लांब व 4 हात रुंद धरा. एका हाताचीं 24 अंगुळें, तेव्हां रुंदी 96 अंगुळें झाली. बोटाबोटाच्या अंतरानें धांवदोरा घातला तर सुमारें 96 ओळी होतात, आणि प्रत्येक ओळ 5 हातांची. सगळी मिळून 480 हात शिवण झाली. कांठापासून फेरे घेत मध्याकडे गेलें तरी ती जवळजवळ तितकीच भरते. सरावलेल्या हातास दोन ओळींना सुमारें तासभर लागतो. रोज दोन ओळी घातल्या तर 48 दिवसांत अख्खी गोधडी पुरी होते.

आतां पंचांग पाहा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत, रविवार सोडून, बरोबर 40 दिवस येतात. उरलेले 8 दिवस ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यांत संपतात. ईस्टर कितीही उशिरां आला तरी एप्रिलच्या 25 तारखेपलीकडे जात नाहीं, आणि मृग निघतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. शिवाय हा हिशेब कोऱ्या गोधडीचा आहे. तुमची तर अर्धी शिवून झालेलीच आहे.

हा एक तास आणावयाचा कोठून, असें स्त्रियांनीं विचारण्यापूर्वीं आम्ही पुरुषमंडळीकडे वळतों. बंधूंनो, उपवासकाळांत तुम्ही विडी सोडतां, मांस सोडतां, तें चांगलेंच आहे. यंदा त्यांत एवढी भर घाला कीं, संध्याकाळचीं भांडीं तुम्ही घासाल, गोठ्यांतील वैरण तुम्ही टाकाल, आणि पाण्याचा हंडा तुम्ही भराल. तुमच्या घरच्या बाईस रोज एक तास दिवा आणि सुई मिळेल. ज्या पांघरुणाखालीं तुम्ही निजतां तें शिवण्यास तुम्हीं आजवर किती तास दिले, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं मोजावें.

कामास हात घालण्यापूर्वीं एवढें करा. गोधडी उलगडून एक दिवस कडक उन्हांत टाका. जुन्या शिवणीचा धागा बोटानें ओढून पाहा. तुटला तर तेवढी ओळ उसवा, कारण कुजक्या धाग्यापुढें नवा धागा टिकत नाहीं. थर सरकले असतील तर सपाट जमिनीवर पसरून, हातभर अंतरानें लांब कच्चे टांके घालून ते आधीं जागीं बसवा. उंदरानें खाल्लेल्या ठिकाणीं दोन्ही अंगांनीं ठिगळ लावा. अर्धा भाग अगदींच वायां गेला असेल तर तो कापून टाका आणि उरलेल्याचें बाळासाठीं दुपटें करा. मोठी गोधडी लहान करून पुरी केली यांत कमीपणा कांहीं नाहीं. माळ्यावरच्या मोठ्या गोधडीनें कोणाची थंडी राहत नाहीं. दुपट्यानें एका जिवाची राहते.

आतां दुसऱ्या बहिणीविषयीं, जिला सासूबाईंच्या टांक्याशेजारीं आपला टांका घालण्याची लाज वाटते. तिच्यासाठीं थोडें दूर जाऊं, पण निघूं येथूनच. आपल्या हर्सूल-सावंगीच्या बाजूनें ज्याच्या नहरीचें पाणी शहरांत खेळलें, तो मलिक अंबर हा आफ्रिकेंतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्यानेंच 1610 सालीं खडकी वसविली. तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. आफ्रिकेंतून आणलेल्या अशाच माणसांचे वंशज, ज्यांस सिद्दी म्हणतात, ते कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील रानांत शेती-मजुरी करून राहतात. त्यांच्यांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथोलिक बांधवही आहेत. त्यांचे पुष्कळसे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यांतून दास्य टाळून त्या रानांत शिरले.

या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कांठापासून आरंभ करून, ठिगळांमागून ठिगळें जोडीत, फेऱ्याफेऱ्यानें त्या मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळें लावतात, त्यांस त्या फुलें म्हणतात. कॅथोलिक घरच्या कवंदीवर पुष्कळदां क्रूस असतो. टांका लपविण्याचा त्या यत्न करीत नाहींत. सर्वांगभर दिसणारा धांवदोरा हीच त्यांची नक्षी आहे. 2004 सालीं हेन्री ड्रुअल नांवाच्या अमेरिकन कलाभ्यासकाच्या साह्यानें त्यांनीं आपली सहकारी संस्थाही काढली, आणि त्यांच्या कवंद्या परदेशांतील लोकांनीं कौतुकानें पाहिल्या. तेव्हां, ताई, तुझा जाड टांका सासूबाईंच्या बारीक टांक्याशेजारीं अवश्य दिसूं दे. पुढें तुझी सून बोट ठेवून आपल्या मुलांस दाखवील कीं, येथपर्यंत तुमची पणजी आणि येथून पुढें तुमची आजी.

त्या स्त्रियांची आणखी एक रीत आम्हांस फार आवडली. शेवटची जागा शिवून बंद करण्यापूर्वीं त्या आंत चार दाणे अन्नाचे ठेवतात. कवंदीचें पोट रिकामें राहूं नये, असा त्यांचा भाव.

तिसऱ्या बहिणीशीं बोलतांना आम्हांस आपलीच गोष्ट सांगितली पाहिजे. वैजापूर तालुक्यांतील एका कोरडवाहू गांवीं आमचा जन्म झाला. आम्ही सेमिनरींत जाण्यास निघालों त्या वर्षीं आईनें आमच्यासाठीं एक गोधडी शिवावयास घेतली. खालीं आजीचें लुगडें, मध्यें वडिलांचें धोतर, वर आमच्या शाळेच्या सदऱ्याचे तुकडे. तीन बाजू शिवून झाल्या आणि दुष्काळ आला. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडूं लागली. मग बहिणींचीं लग्नें, मग वडिलांचें आजारपण. दर सुटींत ती म्हणे, "या उन्हाळ्यांत तुझी गोधडी पुरी करतें." एके वर्षीं आम्हीं शहाणपणानें उत्तर दिलें, "आई, तेथें चांगली रग मिळते. उगीच डोळे कशाला फोडतेस?" ती कांहीं बोलली नाहीं. पण त्यानंतर तिनें गोधडीचें नांव काढलें नाहीं. आम्हांस वाटलें, आपण तिचे कष्ट वांचविले. तिच्या हातून आमच्यासाठीं करावयाचें जें एक काम उरलें होतें तेंच आपण काढून घेतलें, हें समजण्यास आम्हांस तिचा मृत्यु व्हावा लागला.

बहिणीनें ती गोधडी आमच्याकडे पोंचविली. सुई आंतच होती. बारा वर्षें ती आमच्या पेटींत राहिली. आईची आठवण म्हणून आम्ही तिला जपत आहों, अशी आम्हीं आपली समजूत घातली होती. गेल्या वर्षीं पेटी उघडली तों एक कोपरा उंदरानें खाल्लेला. आम्हीं ती येथील एका वृद्ध विधवेस दाखविली. तिनें तिच्यावरून हात फिरविला, शिवण पाहिली, आणि विचारलें, "फादर, ही पांघरायची हाय का पुजायची?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मग तिनें आणि शेजारच्या दोघींनीं आईचा टांका जेथें थांबला होता तेथूनच पुढें शिवण धरली. शेवटची ओळ त्यांनीं आमच्याकडून घालविली. ती वांकडी आहे. बंद करण्यापूर्वीं आम्हीं सिद्दी स्त्रियांची रीत सांगितली, तेव्हां आजीबाईंनीं मूठभर बाजरी आणली व चार दाणे आंत टाकले.

पुरी झालेली गोधडीही आम्हीं पंधरा दिवस पेटींतच ठेवली, हें कबूल करतों. दसऱ्यानंतर आपल्या धर्मग्रामांतील एक कुटुंब ऊसतोडीस निघालें. दोन लहान मुलें बरोबर, उसाच्या पाचटाची कोपी, आणि थंडीचे चार महिने. ते निरोप घेण्यास आले तेव्हां आम्हीं पेटी उघडली. आज आमच्या आईच्या हातचें पांघरूण आमच्याजवळ नाहीं. तें कोठें तरी उसाच्या फडाशेजारीं दोन मुलांच्या अंगावर आहे. परत येईल तेव्हां मळलेलें आणि फाटलेलें येईल. त्याचें दुःख आम्हांस वाटत नाहीं.

यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हां विधवा रडत पेत्रापुढें उभ्या राहिल्या आणि तिनें केलेलीं वस्त्रें त्यांनीं त्यास दाखविलीं, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. गोरगरिबांच्या अंगास लागलेलीं तीं वस्त्रें हीच तिची साक्ष होती. म्हणून, ताई, तुझ्या यजमानांचें धोतर आंत आहे, हेंच ती गोधडी पुरी करण्याचें कारण समज. एकटीच्यानें होत नसेल तर इतर बहिणींस हांक मार. येत्या उपवासकाळांत दर शुक्रवारीं क्रूसाच्या वाटेनंतर चर्चचा ओटा व दिवे स्त्रियांसाठीं मोकळे राहतील. सुई-दोरा आम्ही आणवूं.

येत्या बुधवारीं कपाळीं राख घेऊन, आपण माती आहों हें स्मरत तुम्ही घरीं जाल. त्याच रात्रीं पेटी उघडा, गोधडी उलगडा, गंजलेली सुई काढून टाका आणि दोन ओळी घाला. प्रभु तुमच्या हातांच्या कामास यश देवो, आणि धन्य कुमारी मरिया, जिनें आपल्या बाळास स्वतःच्या हातांनीं गुंडाळून गव्हाणींत ठेवलें, ती तुमच्या घरांवर आपला पदर धरो.