गोळी घेतो, हे सांगायला उभा आहे



मी मैसूरला राहतो, हिनकलमध्ये, रिंग रोडजवळच्या एका खोलीत. परभणीहून नोकरीसाठी आलो. घरातला पहिला पदवीधर. मीटिंगमध्ये ओळख करून द्यायची पाळी आली की छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. एका वरिष्ठाने आडनाव दोनदा विचारलं, मग "कोट्यातून का?" तेही. त्यानंतर ऑफिसची बस दिसली तरी पोटात खड्डा पडायचा.

आई फोनवर म्हणाली, "विहारात बसत जा थोडं. गोळ्या नको रे, सवय लागते." मित्र म्हणाले, हा आजार नाही, जात आहे, गोळीने जात जाते का? दोघांचंही अर्धं खरं. त्या दोन अर्ध्यांत माझे आठ महिने गेले.

सवयीचं भय अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांच्याबाबत रास्त आहे. त्या लगेच शांत करतात, म्हणूनच सुटत नाहीत. मला मिळालेली एस्सिटॅलोप्रॅम वेगळी. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, कधी घाबरेपणा वाढतोसुद्धा. आणि ती मनाने एकदम बंद करायची नसते. मी पाचव्याच दिवशी फेकणार होतो.

बोलून करायचे उपचार, विशेषतः सीबीटी, चिंतेवर गोळीइतकेच लागू पडू शकतात. पण दर भेटीचे पैसे मोजावे लागतात, आणि समोरच्याला जात कळावी लागते. माझे पहिले समुपदेशक म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." मी परत गेलो नाही. दुसऱ्या बाईंनी आधी विचारलं, तो वरिष्ठ नक्की काय म्हणाला? तिथे मी बसलो.

पैसे नसतील तर १४४१६ लावा. टेली मानस, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ वाचा. उपचारात भेदभाव नको असं सांगताना त्यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

रोहित वेमुला, पायल तडवी यांचं नाव घेताना आपण म्हणतो, त्यांना आजारी ठरवू नका. बरोबरच आहे. पण त्याच तोंडाने आपल्या खोलीत रात्रभर जागणाऱ्या पोराला "खंबीर हो" म्हणणं मला पटत नाही.

गोळीने त्या वरिष्ठाचं काही वाकडं झालं नाही. मला झोप लागू लागली, एवढंच. झोप लागली म्हणून तक्रार लिहून झाली. ती अजून पडून आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टर डोस कमी करायचा का ते बघणार आहेत.