जाणत्या खलाशांची शाळा

श्रोतेहो, आपल्याकडे पूर्वी गावोगाव धान्याची पेवे असत. पेव उघडले म्हणजे जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळे करून वारा आत खेळू द्यायचा, मग दोरीने पेटता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही, असा दंडक होता. बंद जागेतले धान्यही श्वास घेते आणि हवेतला प्राणवायू संपवते, हे शास्त्र त्या माणसाला सांगता आले नसते. पण दंडक तो मोडीत नसे.

तुम्ही म्हणाल, विषय जहाजाचा, त्यात पेव कुठून आले? संबंध अगदी जवळचा आहे. मोठ्या जहाजाच्या पोटात लोखंडी टाक्या असतात. त्या महिनोन्महिने बंद राहतात. लोखंड गंजते, आणि गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकते. लाकूड किंवा कोळसा भरलेल्या कोठारातही असेच घडते. त्या हवेला वास नाही, रंग नाही. टाकीत उतरलेला खलाशी दोनचार श्वासांत कोसळतो. वरचा सोबती ते पाहतो, त्याला वाचवायला तसाच धावतो, आणि तोही पडतो. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ वेळा प्राणास मुकतात. शिवाय इथे दिवा सोडून पाहण्याची सोय नाही. टाकीत तेलाची वाफ असली तर भडकाच उडायचा! म्हणून उपकरणाने हवा मोजावयाची. प्राणवायू शंभरात 21 भाग भरला, विषारी किंवा पेट घेणारा वायू नाही अशी खात्री झाली, की मग लेखी परवाना, आणि मगच उतरणे.

आता यात बळी पडतो तो नवखा पोरच असतो का? मुळीच नाही. वीस वर्षे दर्यावर काढलेला माणूसही पडतो. ‘शंभरदा उतरलो, काही झाले नाही,’ हा अनुभवच त्याला दगा देतो. सवय झाली की भीती जाते, आणि भीतीबरोबर काळजीही जाते. म्हणून 2015 सालापासून आंतरराष्ट्रीय नियमाने दर दोन महिन्यांनी बंद जागेत उतरण्याची व तिथून माणूस बाहेर काढण्याची कवायत जहाजावर करावीच लागते.

खलाशांच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1978 साली लंडनला झाला आणि 1984 पासून अमलात आला. 1995 व 2010 साली त्यात मोठे फेरफार झाले. नोकरीच्या आधी पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, आणि स्वतःची व सोबत्यांची सुरक्षितता एवढे तर शिकावेच लागते. पण गोष्ट तिथे संपत नाही. आग विझवण्याची आणि पाण्यात तगून राहण्याची आपली तयारी कायम आहे, हे दर पाच वर्षांनी पुन्हा दाखवावे लागते. घरचे लोक म्हणतात, ‘एवढा जुना माणूस, याला पुन्हा शाळा कशाला?’ अहो, आग काही रोज लागत नाही. जे काम रोज हातून होत नाही, ते हात विसरतात. आणि वेळ आली म्हणजे पुस्तक उघडायला सवड नसते.

इथवर जहाजावरच्यांचे झाले. आता काठावरच्यांचे पाहू. 6 मार्च 1987 च्या संध्याकाळी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश बोट निघाली. मोटारी आत घेण्यासाठी तिच्या नाळेला मोठे दरवाजे होते. ते उघडेच राहिले. बंद करणारा माणूस आपल्या खोलीत झोपला होता. पाणी आत शिरले, बोट कलंडली, 193 माणसे गेली. झोपलेल्या माणसाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पण चौकशीत निराळेच पुढे आले. दरवाजे लागले की नाही हे कप्तानाला कळावे म्हणून त्याच्यासमोर खुणेचे दिवे बसवा, अशी मागणी पूर्वी कप्तानांनी केली होती. किनाऱ्यावरच्या कचेरीने ती हसण्यावारी नेली होती! दोष जहाजावर होता, तसाच टेबलामागेही होता.

त्यानंतर 1993 साली सुरक्षित कारभाराची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली आणि 1998 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्याप्रमाणे प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. खलाशाची तक्रार थेट सर्वांत वरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. 2010 पासून धोकादायक माल बांधणाऱ्या, त्याची कागदपत्रे लिहिणाऱ्या किनाऱ्यावरच्या नोकरांनाही प्रशिक्षण सक्तीचे आहे.

कारकुनाला कसले आले प्रशिक्षण, असे वाटेल. आपल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात ना? त्याच जातीची भारी भुकटी जहाजाने जाते. उष्णता लागली की ती आपोआप तापते आणि आगीला कारण होते. कागदावर तिचे नाव खरे असेल तर पेटी उन्हापासून आणि गरम तेलटाकीपासून दूर ठेवतात. भाडे वाचवायला कुणी साधेसुधे नाव लिहिले, आणि कारकुनाने डोळे मिटून शिक्का मारला, तर भर समुद्रात आग लागते. ती विझवायला जाणाऱ्या खलाशाला आत काय आहे हेच ठाऊक नसते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातली काही मुले उद्या बोटीवर जातील, काही बंदराच्या गोदामात लागतील. कोकणात तर हे घरोघरचे आहे. त्यांना सांगा, की शिकायचे ते केंद्र सरकारच्या मुंबईतील नौवहन खात्याने मान्य केलेल्या संस्थेतच. वर्गात न बसता दाखला काढून देतो असे म्हणणारा दलाल भेटला, तर त्याची वाट धरू नका. त्या दाखल्याने नोकरी मिळेलही, पण धुराने भरलेल्या खोलीत दाखला वाट दाखवीत नाही.

आणि आणखी एक सवय मुलांना आजच लावा: समजले नाही तर विचारावे, आणि चुकीचे दिसले तर मोठ्या माणसालाही नम्रपणे थांबवावे. टाकीच्या तोंडाशी उभा राहून ‘साहेब, हवा मोजली का?’ असे विचारणारा पोरगा शाळेतच घडवावा लागतो.